ह्यांचे कान म्हणजे मी

१ फेब्रुवारी १९४२
नवी वही. संकल्प: रोज जर्मनची वीस वाक्यं. साखर बंद (तशीही मिळत नाही). आणि माझं स्वतःचं पुस्तक उन्हाळ्याच्या आत पूर्ण. पहिलं वाक्य तयार आहे. फार छान आहे.
ह्यांना काल ऐंशी वर्षं पूर्ण झाली. आस्लाक टांगवाल्ड, नॉर्वेचा सर्वांत मोठा कादंबरीकार, आणि कान ठार बंद. मी पाटीवर खडूने लिहीन तेवढंच जग ह्यांच्यापर्यंत पोचतं. देश जर्मनांच्या ताब्यात येऊन दोन वर्षं होत आली, आणि ह्यांना जर्मन येत नाही. त्यामुळे जर्मन साहेब काय बोलले ते मी ह्यांना सांगणार, आणि हे काय बोलले ते मी साहेबांना. मधल्या मध्ये थोडं सुधारते. दोघंही खूश असतात.

९ फेब्रुवारी
कोटावर नाझी पक्षाचा बिल्ला लावून बसने गावात गेले. मी बसले आणि शेजारची बाई ताडकन उठून उभी राहिली. मग पुढचे दोघे. मग मागची अख्खी रांग. लेखकाच्या बायकोला एवढा मान! डोळे भरून आले. घरी येऊन स्वयंपाकीण ग्युडनीला सांगितलं, तर म्हणते, बाईसाहेब, त्याला मान नाही म्हणत. मग काय म्हणतात, ते मात्र सांगेना. अडाणी आहे.

१७ फेब्रुवारी
बसमध्ये सरकारी नोटीस: जागा रिकामी असताना उभं राहणं हा गुन्हा. लोकांना साधा आदरही दाखवू देत नाहीत! तक्रार करणार आहे.

२२ मार्च
नव्या सरकारी शिक्षक संघटनेत नाव घालायला नकार दिला म्हणून देशभर मास्तरांना उचललं. आमच्या गावच्या शाळेतले टोरलाइव्ह हेगना मास्तर गेले, आणि त्याच शाळेत शिकवणारा त्यांचा धाकटा भाऊ आइनारही. आज मास्तरांची बायको रांगफ्रिड आली. मागच्या दाराने! म्हणाली, टांगवाल्डबाई, तुमच्याकडे यायचं नव्हतं, पण दुसरीकडे जायला जागाच उरली नाही. ह्यांच्या एका सहीने दोघे सुटतील म्हणाली. मास्तरांची छाती आधीच कमजोर आहे, असंही म्हणाली. रडली नाही. थोडं रडायला हवं होतं, निदान रीत म्हणून.
मी सांगितलं, आठ दिवसांत दोघे घरी. माझा शब्द.

२६ मार्च
ह्यांना पाटीवर सगळं लिहून दाखवलं. भडकलेच. मास्तर तुरुंगात? मग पोरांना वाचायला कोण शिकवणार, पोलीस? आणि पोरं वाचायला शिकली नाहीत तर मला कोण वाचणार? लगेच ऑस्लोच्या मुख्य जर्मन कमिशनरला पत्र लिहिलं. सही केली आणि म्हणाले, अगं, पोस्टात टाकून ये. पोस्टात! अशी पत्रं हातोहात द्यायची असतात. शनिवारी मेजर डोर्नबाख जेवायला येणार आहेत, त्यांची कमिशनरकडे रोजची ऊठबस. प्लॅन पक्का. पत्र तयार आहे, असा रांगफ्रिडला निरोपही धाडला.

२९ मार्च
काल मेजर आले. कोकराचं मटण आणि कोबी. माझं जर्मन ऐकून त्यांना बर्लिनची आठवण झाली म्हणे. अशा वेळी मास्तरांचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. शिवाय पत्र काळ्या पर्समध्ये आणि ड्रेस निळा. पर्स वरच्या खोलीतच राहिली.
मोठी बातमी: जर्मनीत वाचनाच्या टूरचं आमंत्रण! ह्यांच्या कादंबऱ्यांतले उतारे मी वाचायचे. रोजची वीस वाक्यं उद्यापासून नक्की.
हे विचारत होते, कमिशनरचं उत्तर आलं का. पाटीवर लिहिलं, अजून नाही. खरंच तर आहे.

२४ एप्रिल, हॅम्बुर्ग
सैनिकांच्या इस्पितळात वाचन. ज्यांना दोन्ही हात होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण रडला. नर्स म्हणाली की त्याला ताप आहे, पण मला फरक कळतो.
ग्युडनीचं पत्र आलं. मास्तर मंडळींना बोटीत कोंबून पार उत्तरेला, रशियाच्या सरहद्दीकडे, गोदीत हमालीला नेलं. उगाच घाई केली. मी परत येईपर्यंत थांबायला काय हरकत होती?

११ मे
परत आले. रस्त्यात रांगफ्रिड. विचारलं, पत्राचं काय झालं. म्हटलं, पत्र योग्य जागी आहे. (पर्स चांगल्या चामड्याची आहे.) तिचा चेहरा एकदम उजळला. मास्तरांना कळवते म्हणाली, तेवढाच दोघा भावांना आधार. लोकांना आनंद देणं किती सोपं असतं!

३ ऑगस्ट
ह्यांनी आज कमिशनरच्या सात पिढ्या उद्धारल्या. माझ्या पत्राला उत्तर नाही? माझ्या? दुसरं लिहितो म्हणाले. पाटीवर लिहिलं, एकाच माणसाला दोनदा विनंती करणं तुम्हाला शोभत नाही. पटलं. ह्यांना पटवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.
पुस्तकाचं पहिलं वाक्य थोडं बदललं.

८ नोव्हेंबर
मास्तर सुटले! माझ्यामुळे! पत्र अजून पर्समध्येच आहे, पण वजन असं असतं की कागदाची गरज पडत नाही. केक घेऊन गेले (साखर नव्हती, गाजर घातलं). मास्तर काठी टेकत दारात आले. खोकला थांबेना. आइनार आला नाही. जूनमध्ये गोदीत दारूगोळ्याची पेटी अंगावर पडली. केक न घेताच रांगफ्रिडने दार लावलं. दुःखात माणूस शिष्टाचार विसरतो.
दोघांतला एक, म्हणजे पन्नास टक्के. एकट्या बाईला हे काही कमी नाही.

१२ मे १९४५
जर्मन हरले. चर्चच्या घंटा चार दिवस थांबत नाहीत. काल मला अटक झाली, आणि ठेवलंय कुठे, तर आमच्याच शाळेत. ह्यांना वृद्धाश्रमात नेलं, पाटीसकट. काळजीचं कारण नाही. इथल्या जबाबांचं काम हेगना मास्तरांकडे आहे, आणि ते तर माझ्यामुळे जिवंत आहेत! ग्युडनीला काळी पर्स आणायला सांगितली. पुरावा हातात असला की पाच मिनिटांचं काम.

१५ मे
पत्र दिलं. मास्तरांनी वाचलं. तारीख दोनदा वाचली. म्हणाले, ही तर नक्कल नाही. म्हटलं, छे, खुद्द ह्यांच्या सहीचं. त्यांनी विचारलं, म्हणजे हे गेलंच नाही? म्हटलं, योग्य वेळ यायची होती.
खोकत राहिले. मग म्हणाले, गोदीतून परतताना आइनार रोज विचारायचा, दादा, म्हाताऱ्याच्या पत्राचं काय झालं? मी सांगायचो, मोठ्या माणसाचं पत्र आहे, उत्तर येणारच, तू आजचा दिवस काढ.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पत्रावर नंबर टाकला आणि ‘स्वतःहून दिलं’ अशी माझी सही घेतली.

१७ मे
बाहेर राष्ट्रीय दिनाची मिरवणूक. पाच वर्षांनी बँड. खिडकीशी गेले नाही.
ह्यांचा जबाब आला, मास्तरांनी वाचून दाखवला. ‘पत्र लिहून मी तीन वर्षं उत्तराची वाट पाहिली. वरचेवर विचारत होतो. उत्तर आलं नाही असं मला सांगण्यात आलं.’ कोणी सांगितलं, ते ह्यांनी लिहिलेलं नाही. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि मला विचारलं, कोणी?
म्हटलं, मी.