दिवेलागणीचा कायदा

बाबा, आज मी भर हळदीकुंकवात भांडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चारचौघांत शोभतं का हे?" नसेल शोभत.

झालं असं की, इथे परदेशात, ट्रुगानिनात, आमच्या एस्टेटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, दोन-तीन गाड्या चोरीला गेल्या. त्यातली एक आमचीच. चोरणारी मुलं शाळकरी वयाची होती म्हणे. तेव्हापासून, अठराच्या आतलं कोणी रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसता कामा नये असा कायदा करा, म्हणून एक अर्ज फिरतोय. आज तो तिळगुळाच्या ताटातूनच फिरला. एका हाताने कुंकू लावायचं, दुसऱ्या हाताने पेन पुढे करायचं. वाणाला कोणी नाही म्हणत नाही, तसं सहीलाही कोणी नाही म्हटलं नाही.

ताट माझ्यापाशी आलं. जिच्या घरी हळदीकुंकू होतं ती मैत्रीण म्हणाली, "कर गं सही. आपली मुलं काय, घरातच असतात."

माझी सोळा वर्षांची लेक शेजारीच उभी होती. ती पिझ्झाच्या दुकानात काम करते. "मम, माझी शिफ्ट नऊला संपते. सो आय ॲम द क्रिमिनल?"

"जॉबवाल्यांना सूट असेल गं, नो वरीज," मैत्रीण म्हणाली.

"आणि जी नुसती गप्पा मारत चालतात, त्यांनी काय घोडं मारलंय?" माझा आवाज चढलाच. "गाडी माझी गेलीय. ज्यांनी नेली त्यांना पकडा. सगळ्या पोरांना कशाला कोंडता?" मी सही केली नाही.

बोलताना मला तुम्ही दिसत होतात. डोंबिवलीला बिल्डिंगच्या गेटपाशी उभे आहात, घड्याळ बघताय. दिवेलागणीच्या आत घरात, हा तुमचा कायदा. दादा नाक्यावर खुशाल टवाळक्या करतोय आणि मी धापा टाकत येतेय. तुमची काळजी खरी होती, ठाऊक आहे मला. पण छेड काढणारे मोकळे राहिले आणि कोंडली गेले मी. याचा राग अजून गेलेला नाही. माझी लेक शिफ्ट संपवून चालत येणार. मला भीती वाटते, तरी येणार.

एक गोष्ट तुम्ही होतात तेव्हा सांगितली नाही, आता या वहीतच राहील. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला नाही म्हणून तुम्ही जिलबी आणून माझी समजूत घातली होतीत. बाबा, मी बोललेच नव्हते. माझं नाव पुकारायच्या आधी बाहेर अंधारायला लागलं, आणि मी उठून घरी आले.