टेकाडाची हजेरी

पाइपांचा आवाज थांबला की पुढचं वाक्य लिहीन, असं ठरवून बसलो होतो. तो थांबत नाही. म्हणून आवाजातच लिहितो.

पाइप तंबूंचे आहेत. टेम्पो माझ्या मुलाचा, जीशानचा. तो ते टेकाडावर उतरवतो आहे. टेकाड अजून माझं आहे, आणि हे मृत्युपत्र मुख्यतः त्याबद्दल आहे.

लिहून ठेवणार चाँद इमाम शेख. लोक चांदभाई म्हणतात किंवा मास्तर. वय एकाहत्तर. मुक्काम माळेवस्ती, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वकिलांनी दिलेला छापील नमुना वापरत नाही. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर सत्यशीला यांनी आज मला वार आणि तारीख विचारली. वार बरोबर सांगितला, तारीख एका दिवसाने चुकलो. दोन्ही नोंदवतो. कोणाचा दबाव नाही. पाइपांचा आवाज दबावात धरू नये.

एक. दफन गावच्या कब्रस्तानात, माझी बायको मलिका हिच्या शेजारी. कबरीवर सब्जा लावला तर हरकत नाही. झाड लावू नये.

दोन. घर आणि बँकेतली ठेव शरियतप्रमाणे वाटावी: दोन वाटे जीशानला, एक माझ्या मुलीला, नाझनीनला. ती भिंगारला असते. पुस्तकं मात्र सगळी नाझनीनने न्यावीत. जीशानने हरकत घेऊ नये. त्यातलं एकही त्याने उघडलेलं नाही.

तीन. बैठकीतलं वृक्षमित्र सन्मानचिन्ह काकासाहेबांना द्यावं. ते आमचे मुख्याध्यापक होते. माळावर झाडं लावण्याची कल्पना आपली होती आणि मास्तरांनी ती चोरली, असं ते पंधरा वर्षं सांगत आले आहेत. ते खरं आहे. कल्पना त्यांचीच होती. आता चिन्हही त्यांचं.

चार. जमीन. नऊ एकर, अभयारण्याच्या हद्दीला लागून. सातबाऱ्यावर पोटखराब. गवताशिवाय तिथे काही उगवत नाही, म्हणून माझे वडील तिला रिकामी म्हणत. मीही म्हणत होतो. २०१० साली शाळेची मुलं नेऊन सहा एकरांत गिरीपुष्पाची अकराशे रोपं लावली. हरणं बघायला लोक येऊ लागले होते. वाटलं, हिरवं दिसेल.

शेजारचा छगन मेंढ्या घेऊन बांधावर उभा होता.

“मास्तर, ही झाडं हरनासाठी हायेत का फोटोसाठी?”

“हरणांना सावली होईल.”

“हरनाला सावली नगं. त्याला लांबचं दिसाया पायजे. लांडगा कुठनं यतो ते कळाया पायजे. तुमी त्याच्या डोळ्याम्होरं पडदा लावताय.”

“तू शिकवणार का मला?”

“न्हाई बा. मी कुठं शाळंत गेल्तो.”

मुलं हसली. मीही हसलो. छगनची माफी मी अजून मागितलेली नाही. हे कलम माफी समजावं.

पाच. कपाटात शाळेचे जुने, कोरे राहिलेले हजेरीपट आहेत. माजाच्या दिवसांत काळवीट नर माळावर आपापली जागा धरून उभे राहतात. प्रत्येकाचा लेंड्यांचा ढीग ठरलेला असतो. तो रोज तिथेच येतो. वर्गातल्या बाकासारखं. मलिका गच्चीवरून बघून सांगायची आणि मी हजर-गैरहजर मांडायचो. झाडं लावली त्या वर्षी अकरा हजर. सहा वर्षांनी पाच. या वर्षी तीन, तिन्ही टेकाडावर. टेकाड माझ्या शहाणपणाने वाचलं नाही. तिथे खडक आहे, खड्डे खोदता आले नाहीत.

मलिका झाडांबद्दल एक शब्द बोलली नाही. चौथ्या वर्षी तिने गच्चीवर येणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. बाजाराला ती चालत जात होती.

हजेरीपट आणि दुर्बीण छगनच्या सुनेला, अश्विनीला द्यावी.

सहा. टेकाडाचे तीन एकरही अश्विनीला.

ती हरणं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पायी माळावर नेते. एका वेळी सहा माणसं, गवतात पिल्लं असतात त्या महिन्यांत एकही नाही. गेल्या वर्षी एका पाहुण्याने कळप पळावा, व्हिडिओ चांगला यावा, म्हणून टाळ्या वाजवल्या. अश्विनीने सगळ्यांना तिथूनच मागे फिरवलं. “तुमी जेवताना कुनी टाळ्या वाजवल्या तर चालंल का, साहेब?” साहेब चिडले. ती बांधापर्यंत त्यांच्या पुढे चालत राहिली.

टेकाड नांगरू नये, त्याला कुंपण घालू नये, वर काही बांधू नये, अशा अटी वकील लिहून देत होते. त्या कोर्टात टिकतीलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून अट घालत नाही. माणूस निवडला आहे.

हे वाक्य लिहीत असताना जीशान आत आला. हातात पाना होता. त्याच्याशी मी मराठीतच बोलतो. तो माझ्या वर्गात होता, सवय राहिली.

“अब्बा, टेकाड कुणाला लिहिलंत?”

“अश्विनीला.”

“छगनमामाच्या सुनेला?”

“हो.”

“पाहुण्याला तंबूतून हरीण दिसायला पाहिजे. ते टेकाडावरून दिसतं. झाडांतून काय दिसणार? तुमचं सन्मानचिन्ह?”

“टेकाडावर तंबू लागले की हरीण तिथे उभं राहणार नाही.”

“हे तुम्ही सांगताय? अकराशे झाडं मी लावली का?”

झाडं मी लावली. तसं लिहितो.

“नागापूरच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा कोण म्हणालं, घरी ये, इथे लोक येतात, काहीतरी कर?”

“मीच.”

“मग करतोय.”

तो गेला. पाइप पुन्हा वाजू लागले.

सात. कायद्याने मला मिळकतीचा तिसरा हिस्साच वारसांबाहेर देता येतो. नऊ एकरांतले तीन, असा माझा हिशेब होता. वकील म्हणाले, हिस्सा क्षेत्रावर नाही, किमतीवर धरतात. टेकाडावरून सगळं माळरान दिसतं, त्यामुळे त्याची किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाईल. वरच्या भागासाठी वारसांची संमती लागते. आणि आमच्यात ती संमती मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर दिलेलीच धरतात.

नाझनीन फोनवर म्हणाली, “अब्बा, माझी काळजी करू नका.” राहिला जीशान. तो हो म्हणेल की नाही, हे मला कळणार नाही. टेकाड वाचलं की नाही, हेही कळणार नाही. मी वर्गात मुलांना अनेकदा सांगितलं की शेवट माहीत नसतानाही नीट लिहायचं असतं. ते सांगणं सोपं होतं.

आठ. उरलेले सहा एकर जीशान आणि नाझनीन यांचे. तिथली झाडं पाडावीत आणि गवत परत येऊ द्यावं. एकदम सगळी पाडणं जमणार नाही, हे मला समजतं. जीशानला पोट आहे. तंबूंना सावली लागते. हरणाला लागत नाही. याहून जास्त मी सुचवत नाही.

नऊ. पडवीत खिळ्याला करवत टांगली आहे. सात वर्षांपूर्वी आणली. दर दिवाळीला तेल लावलं. एकही झाड कापलं नाही, कारण बैठकीत सन्मानचिन्ह होतं आणि येणारा प्रत्येकजण त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघायचा. करवत जीशानला. ही एक वस्तू त्याने आजच घ्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वरील मजकूर आज जुम्म्याच्या नमाजानंतर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. जीशान ओट्यावर बसून ऐकत होता. वारस असल्यामुळे त्याची सही घेतली नाही. त्याने सगळ्यांना चहा दिला. नवव्या कलमानंतर साक्षीदार वाल्मिक म्हणाला, “मास्तर, करवत मला दिली असती तर मी नेली असती.” कोणी हसलं नाही.

माळेवस्ती, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: चाँद इमाम शेख (सही)
साक्षीदार: डॉ. सत्यशीला अजिनाथ थोरात (सही)
साक्षीदार: वाल्मिक किसन गदादे (सही)

मागच्या पानावरील नोंद. मृत्युपत्राचा भाग नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी खिळ्यावर करवत नव्हती. जीशानने टेकाडावरचे पाइप टेम्पोत भरून खाली आणले होते आणि ओढ्याच्या बाजूला पहिल्या तंबूपुरती बारा झाडं पाडली होती. छगन फांद्या ओढत होता. मी गच्चीवर जाऊन हजेरी घेतली. करवतीच्या आवाजामुळे टेकाडावर कोणी आलं नव्हतं. तीन गैरहजर.