काढून टाकलेली चाचणी

जोयडा, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आता ते आठवून तोंड कडू होतंय.

रेशनकार्डांच्या प्रोग्रॅममध्ये काही बदललं की तो अजून बरोबर चालतो का हे पाहायला कॉम्प्युटर आपोआप सगळ्या चाचण्या घेतो. त्याला पाच तास लागायचे, आणि इथं सलग पाच तास वीज असते कधी? महिनाभर खपून मी चाचण्या साफ केल्या, दुहेरी वाटल्या त्या काढल्या. काम चाळीस मिनिटांवर आलं.

काढलेल्यांत एक होती, एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोन बायकांची. माझ्याआधीच्या माणसाने चुकून नाव दोनदा लिहिलं असेल, असं मी धरून चालले. त्याला पत्र टाकून विचारता आलं नसतं? दोन बायका. पुढच्याच बदलात प्रोग्रॅमने अशा दोघींना एकच बाई धरलं आणि अडवायला चाचणीच नव्हती.

दुपारी दिग्गीहून देवकीबाई आली. तिचं कार्ड रद्द झालेलं.

"अक्का, ती देवकी खालच्या वाडीची," ती शांतपणे म्हणाली. "मी वरची. मी बी हाय की."

नवीन कार्डाला दोन महिने लागतील, हे तिला मीच सांगितलं. ती जीप गाठायला निघाली. मग चाचणी परत घातली आणि साहेबांकडे गेले.

"चूक आधीच्या माणसाची म्हणून लिहू," ते म्हणाले. "तो गेलाय बदलून, त्याला काय फरक पडतो?"

बरोबर लिहिणारा तोच एकटा होता. मी मान हलवून नाही म्हटलं.