वाटसरूंनी पाहिलेलं नेब्रास्का

१२ जानेवारी
आणखी एक उतारा मिळाला! "तासभर गाडी चालवली. एक गाय दिसली. तिनेही वर बघितलं नाही." – कॅलिफोर्नियाला निघालेला कुणी प्रवासी. लगेच वहीत उतरवून घेतलं. नेब्रास्कातून जाणाऱ्या प्रत्येकाला इथे काहीच दिसत नाही, आणि त्यावर मात्र दोन-दोन पानं लिहितात. धान्याच्या कोठारावर माझा जन्म गेला, मला रोज काहीतरी दिसायचं. यांना काय दिसतं ते शोधायचा नादच लागलाय.

आर्लीन म्हणाली, "नावं ठेवणाऱ्यांनी वही भरलीस. बायकोबद्दल कधी एक ओळ लिहिलीस?"

म्हातारी झाली, जीभ तशीच आहे.

१९ जानेवारी
ऑरेगनहून आमच्या मुलीचा, जोडीचा फोन. पुन्हा तेच – "बाबा, घर विका आणि इकडे या. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो. नसाल येणार तर मी तो मजला भाड्याने देते, पण या महिन्या-दोन महिन्यांत सांगा."

मी म्हटलं, "तुझ्या आईला या गावाशिवाय करमायचं नाही."

आर्लीन शेजारीच बशा पुसत होती. काही बोलली नाही.

२६ जानेवारी
बर्फ. वाचनालय बंद. चिडचिड.

२ फेब्रुवारी
वाचनालयातल्या मिसेस कुचेरांनी जुनं प्रवासाचं पुस्तक काढून ठेवलं होतं. "घ्या मर्ल, तुमच्या शिव्यांत भर." घरी येऊन वाचलं. त्यात चक्क आमचं गाव, १९७४ सालचं:

"खानावळीत राजम्याची तिखट चिली आली आणि शेजारी दालचिनीचा गोड रोल. मी म्हटलं, काहीतरी चुकलंय. वाढणारी मुलगी – पुढचा दात किंचित तुटलेला, केसांत पेन्सिल – म्हणाली, 'बुडवून खा, मग बोल.' खाल्लं. मग बोलायला काही उरलं नाही. शनिवारच्या बसने ती ऑरेगनला निघाली होती. समुद्र बघायचा म्हणाली. तिकीटही दाखवलं."

रोलला चूक म्हणाला म्हणून आधी हसलो. मग हसू गेलं. तो दात माझ्या ओळखीचा आहे. रोज माझ्यासमोर बसून जेवतो.

उताऱ्याच्या बाजूला पेन्सिलची रेघ होती, जुनी, पुसट.

३ फेब्रुवारी
जेवताना तिला वाचून दाखवलं. ती चिलीत रोल बुडवत राहिली.

"रेघ माझीच. जोडी पोटात होती तेव्हा वाचलेलं."

"मग गेली का नाहीस?"

"शुक्रवारी तू आलास ना. अंगभर कोठारातली धूळ. तीन कप कॉफी प्यायलास, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, जाऊ पुढच्या शनिवारी."

"आणि मग?"

"मग तू चौथा कप मागितलास."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? जोडीला माझं उत्तरसुद्धा तूच देतोस."

फार वाईट वाटलं. झोप लागली नाही. उतारा त्या नावं ठेवणाऱ्यांच्या वहीत घेतला नाही. तो तिचा आहे.

९ फेब्रुवारी
आज जोडीला फोन आर्लीनने केला. वरचा मजला कुणाला देऊ नकोस, म्हणाली. मी शेजारीच बशा पुसत होतो. काही बोललो नाही.