भिंतीकडे तोंड करून निवडलेली गिटार

मंगळवार, ४ मार्च
गिटारची मान मोडली! वाजवताना मोडली असती तर निदान सांगायला बरं — केर काढताना पडली.
भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान आणि आमच्या बँडचे ड्रमर. त्यांनी सांत्वन एका दमात उरकलं : "रविवारी तालमीला नवी इलेक्ट्रिक गिटार घेऊन ये. नाहीतर तो दातांचा डॉक्टर तुझ्या जागेवर टपून बसलाय."
बावीस वर्षांची जागा! आणि डॉक्टरला?

बुधवार, ५ मार्च
दुकानात सात पाहिल्या. सातही नापास.
पांढरी — गळ्यात फ्रीज अडकवल्यासारखी. टोकदार शिंगांची — असल्या गिटारी वाजवायच्या आधी केस मोकळे सोडावे लागतात. माझ्याकडे सोडायला काही उरलेलं नाही. सोनेरी खुंट्यांची — तालमीला दागिने घालून कोण जातं? हलकी तर नकोच. खांदा भरून आला नाही तर वाजवल्यासारखं वाटत नाही.
बायको सोबत होती. "अहो, एकही वाजवून नाही पाहिलीत!"
वाजवायला कशाला हवी? मथळा बघून बातमीत दम आहे की नाही ते सांगण्यात वर्तमानपत्रात माझी हयात गेली.

गुरुवार, ६ मार्च
दुसरं दुकान. पाच नापास. दुकानदार म्हणाला, "साहेब, गिटार बघताय की सून?"

शुक्रवार, ७ मार्च
भाऊजींचा निरोप : डॉक्टरकडे स्वतःच्या तीन गिटारी आहेत. तीन!

शनिवार, ८ मार्च
तोडगा बायकोचा. दुकानात मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं, मागे गिटारी वाजणार, मी फक्त ऐकायचं. वर्गात शिक्षा झाल्यासारखा बसलो.
पहिली. "हिच्यात जीवच नाही," मी म्हणालो.
दुसरी. "पत्र्याची आहे का हो?"
तिसरी — अंगावर काटा आला! एकेक सूर लांबवर नेऊन अलगद खाली ठेवत होती. ओरडलोच, "हीच! याला म्हणतात लाकूड!"
वळलो. गिटार एकच होती. पोपटी. पिसासारखी हलकी. पहिल्यांदा दुकानदाराने वाजवली, दुसऱ्यांदा त्याच्या भावाने. आता ती बायकोच्या मांडीवर होती.
"तू?"
"तुम्ही ऑफिसला गेलात की दुपारी तुमची काढायचे. अकरा वर्षं झाली."
"बोलली नाहीस कधी!"
"तुम्ही कुठे विचारलंत?"
दुकानदार छताकडे बघत होता. पोपटी घेतली.

रविवार, ९ मार्च
तालमीत आधी मी वाजवली, मग तिने. भाऊजींनी डॉक्टरला नकार कळवला. मलाही. जागा घरातच राहिली.
संध्याकाळी संपादकांना फोन करून सकाळची पाळी मागून घेतली. दुपारी घरी असायचंय.