कठड्यावरचा घास

अर्विंग, २४ सप्टेंबर २००६

चि. सौ. वत्सलेस अक्काचा आशीर्वाद.

माझ्या परीक्षितनं सुट्टीत आफ्रिकेचं जंगल दाखवलं. सिंह बघितला, अगदी तुझ्या सासूसारखा पसरलेला.

तिथल्या लॉजवर असतानाच ह्यांची तिथी आली. खायचं बाहेर ठेवू नका, असं आमच्या गाईडनं, थाबोनं, बजावलेलं. तरी मी कावळ्यासाठी कठड्यावर भाताचा घास ठेवून हात जोडले. कावळा कुठला, आलं माकड! घास खाऊन स्वयंपाकघरात घुसलं, सगळं फोडलं. म्हटलं, हे तुझे भाऊजीच, एका घासानं थोडंच भागतंय!

थाबोनं मला बघितलं होतं. तरी लॉजच्या मालकाला म्हणाला, "मीच ठेवलं." त्याचं काम गेलं गं. मी गप्प बसले.

परीक्षितला सांगायचा धीर होत नाही. तुझ्या लेकीकडून, निधीकडून, मालकाला खरं काय ते इंग्रजीत लिहून घेऊन पाठव. पत्ता मागं लिहिलाय. खाली माझं नाव ठळक घाल.

तुझा गुडघा कसाय? मला ह्यांच्या फोटोकडं बघवत नाही.

तुझी अपराधी,
अक्का