डॉक्टरांच्या उशाशी

मंगळवार, ६ नोव्हेंबर १७८७. एडिंबरा.

डॉक्टरांच्या चरित्राच्या शेवटच्या प्रकरणाची मुद्रितं आली! टुलक छापखानेवाल्याचा निरोप — शनिवारी सकाळपर्यंत दुरुस्त्या द्या, नंतर काही ऐकणार नाही.

दोनदा वाचलं. धर्मोपदेशक डॉक्टर केर्नक्रॉस पलंगावर, मी उशाशी, त्यांचा हात माझ्या हातात. ‘गिल्बर्ट, मरावं कसं ते मी लोकांना जन्मभर शिकवलं. आता परीक्षा माझी.’ आणि प्राण गेला. झकास उतरलंय. माझेच डोळे भरून आले — आणि मी तर तिथे नव्हतोच!

इथे लिहायला काय हरकत आहे? ते गेले त्या गुरुवारी मी लीथ बंदराच्या वाळूवर घोड्यांच्या शर्यतीत होतो. त्या आठवड्यात अख्खं एडिंबरा तिकडे लोटतं, न्यायाधीशांसकट. मी तर साधा वकील. सकाळी डॉक्टरांकडे डोकावलो होतो. बरे दिसले. म्हटलं, उद्या येतो.

वाक्य मात्र त्यांचंच. तीन आठवडे आधी बार्लीचं सूप पिता पिता बोलले होते. घरी येऊन रोजच्यासारखं टिपून ठेवलं. बारा वर्षं असंच टिपत आलोय. चरित्र लिहायचं म्हणजे एखादं वाक्य इकडचं तिकडे होणारच.

गुरुवार, ८ नोव्हेंबर.

टुलक रस्त्यात भेटला. सहज बोलून गेला, ग्रिझेलबाई शेवटच्या प्रकरणाची चौकशी करत होत्या. ग्रिझेलबाई म्हणजे डॉक्टरांची धाकटी बहीण, तीस वर्षं त्यांचं घर सांभाळलेली. त्या दिवशी घरात तीच होती. मी पहिल्या पानावर शपथेवर लिहून बसलोय की न पाहिलेलं, न ऐकलेलं एक अक्षर या पुस्तकात नाही. तिने तोंड उघडलं की संपलं. एक खोटं सापडलं तर बारा वर्षांच्या टिपणांवर कोण विश्वास ठेवील?

एफीला सांगितलं. बायको आहे, धीर देईल असं वाटलं होतं. मोजा विणता विणता म्हणाली, “अहो, मग खोडून टाका की.” इतकं सोपं! वर आणखी, “तुम्हाला ते पान फार आवडलंय, म्हणून जीव जातोय तुमचा.”

चिडून बाहेर पडलो आणि तासभर वाऱ्यात फिरलो.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. सकाळ.

जाऊ? नको जाऊ? चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवार, संध्याकाळ.

गेलो. सत्तरीची बाई, पण बसते अजून ताठ. आधी हवापाणी, मग तिच्या गुडघ्यांची चौकशी, मग ओटची बिस्किटं. मुद्रितं माझ्या कोटातच. शेवटी तीच म्हणाली, “ताकाला आलायस ना, गिल्बर्ट? मग भांडं कशाला लपवतोस? वाच.”

वाचलं. ती विस्तवाकडे बघत होती. ‘त्यांचा हात माझ्या हातात’ या ओळीला तिने एकदम मान वळवली. आता बोलणार! मी थांबलो. म्हणाली, पुढे वाच. मी संपवलं. तिने विस्तव सारखा केला.

“पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मी पाहिजे,” ती म्हणाली. “मला विसरलास तू.”

मूर्खासारखं मीच विचारलं, “तुम्ही होतात ना तिथे?”

“तू होतास, तर मीही होते.”

घरी जवळजवळ पळतच आलो. बसल्याबसल्या भर घातली — ‘दुसऱ्या बाजूला ग्रिझेलबाई, न बोलता अश्रू ढाळीत.’ पान आणखीच छान झालं. वाचलो! पण तिने मला का सांभाळून घेतलं, ते काही कळत नाही. मी तिथे नव्हतो हे तिला तर पक्कं ठाऊक असणार.

शनिवार, १० नोव्हेंबर.

सकाळीच तिची चिठ्ठी आली. तशीच उतरवून ठेवतो.

‘गिल्बर्ट, त्या गुरुवारी लीथला मी तुझ्यामागे दहा पावलांवर उभी होते. तू तांबड्या घोड्यासाठी टोपी उडवत होतास. मी जन्मात शर्यत पाहिली नव्हती. दादाला ते पाप वाटे. त्याचा डोळा लागला आणि मी निघाले. परत आले तेव्हा तो गार पडला होता. काल तू इतकं सुंदर वाचलंस की मलाही तिथे असावंसं वाटलं. रात्रभर लाज वाटत राहिली. काय ठेवायचं ते तू ठरव.’

टुलकचा माणूस दारात खोळंबलाय. तिचं नाव खोडलं. मग माझं. मग डॉक्टरांचं ते वाक्यही — ऐकायला तिथे कोणी नव्हतंच.